हेमालीचा खडा

बाबाजीची हेमाली परदेशात काय करते असं कोणी विचारलं, की नीराबाई सांगते, "जंतूचे खडे करते." विचारणारा विषय बदलतो.  उत्तर मात्र बरोबर आहे. मी ते हेमालीकडून तपासून घेतलंय.

नीराबाई माझी वहिनी. बाबाजी माझा थोरला भाऊ. आम्ही दोघं भाऊ खाडीवरच्या मिठागरात कामाला होतो. रेवसहून आत वळलं की खाडीच्या कडेनं बांध लागतो, त्याच्या आतल्या अंगाला ते आगर होतं. आता नाही. बांध फुटला, उधाणाचं पाणी आत शिरलं, पुन्हा बांध घालायला कोणी आलं नाही आणि खारफुटीची तिवरं वाढली. माझं काम त्याआधीच गुडघ्यांनी थांबवलं होतं. माझ्याविषयी एवढं पुरे.

हेमाली शाळा सुटली की दप्तर घरात टाकून आगरात यायची. मुलांना तिथं एकच काम असे, वाफा चोपायला हात लावायचा, म्हणजे खरं तर पाय लावायचा. पावसाळा सरला की वाफ्याचा तळ चिखलाचा असतो. तो तुडवून इतका घट्ट करायचा की वर खारं पाणी उभं राहिलं पाहिजे आणि मीठ ओढताना खालची माती वर येता कामा नये. चोपायचं ते टाचेनं. चवड्यानं चोपलेला वाफा दिसायला गुळगुळीत दिसतो, पण मीठ काळं येतं. पुष्कळ मोठी माणसंसुद्धा कडेचा भाग चवड्यानं उरकायची. हेमाली कोपऱ्यात टाच घालायची. कोपऱ्याकडे कोणी बघत नाही. तिथं ती मधल्या भागापेक्षा जास्त वेळ राहायची. मी तेव्हाच बाबाजीला सांगितलं होतं, की ही पोर काम शिकली तर नीट शिकेल. कुठलं काम ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आमच्या आगरात एक रीत होती. वाफ्यातलं पाणी आटत आलं की कडेला पहिला खडा धरतो. तो ज्याला दिसेल त्यानं तिथूनच हाळी द्यायची, "पिकलं!" मुकादम असो, बाई असो, पोर असो. रीतीला कारण होतं. मीठ धरायला लागलं की वरच्या वाफ्यातलं कच्चं पाणी आत सोडायचं नसतं, आणि पाणी सोडणारा माणूस लांब असतो. त्याला कळायला हवं. पण कारण राहिलं बाजूला आणि हाळीचा सण झाला. ऐकली की सगळे हातातलं ठेवून बांधावर यायचे. उघाडीजवळ, म्हणजे पाणी आतबाहेर करायची फळी जिथं असते तिथं, एक मोठा दगड होता. त्यावर नारळ फुटायचा. खोबरं वाटायचं, खायचं, पुन्हा कामाला लागायचं. खडा बघून गप्प राहणारा माणूस आमच्यात बरा समजला जात नसे. पुढे अवकाळी पाऊस येऊन सगळं मीठ विरघळून गेलं, असंही व्हायचं. तरी दिलेली हाळी कोणी मागे घेत नसे.

हेमालीचा आवाज बारीक आणि लांब जाणारा. तिची नजर सारखी वाफ्याच्या कडेला असायची. त्यामुळे बहुतेक हंगामात पहिली हाळी तिचीच.

बाबाजी गेला तेव्हा ती शाळेतच होती. पावसाळ्यात आगर बंद, म्हणून आम्ही भाताच्या शेतात. लावणीत त्याच्या पायाला काहीतरी कापलं. ताप आला, पोटऱ्या ठणकायला लागल्या, डोळे आधी लाल आणि मग पिवळे झाले. आम्हाला कावीळ वाटली. झाडपाला दिला. अलिबागला नेईपर्यंत लघवी बंद झाली होती. डॉक्टरांनी सांगितलं, लेप्टो. उंदराच्या लघवीतून शेतातल्या पाण्यात येतो, कापलेल्या जागेतून अंगात शिरतो. तो शब्द आमच्या घरात तेव्हा आला.

पुढे हेमाली पीएचडी झाली म्हणून गावात सत्कार झाला. बोलणाऱ्यानं सांगितलं, बापाचा जीव घेणाऱ्या जंतूवर ही मुलगी चालून निघाली आहे. हेमाली माझ्या शेजारी बसली होती. हळूच म्हणाली, "काका, केमिस्ट्रीला नंबर लागला न्हाय म्हनून मी मायक्रोला गेले." तेही खरं. कॉलेजात केमिस्ट्रीच्या जागा भरल्या होत्या. पण कुठल्या जंतूवर काम करायचं ते पीएचडीला निवडता आलं, तेव्हा तिनं हाच निवडला, हेही खरं. दोन्ही जशी आहेत तशी ठेवतो.

पीएचडी झाली म्हणजे शिक्षण संपलं आणि पोरगी आता घरी येणार, अशी नीराबाईची समजूत होती. हेमाली आली ती बॅग भरायला. जर्मनीत, एका मोठ्या बंदराच्या शहरात, तिला पोस्टडॉकची जागा मिळाली होती. पोस्टडॉक म्हणजे काय ते मी विचारलं. तिनं सांगितलं, शिक्षण झालेलं असतं, पण स्वतःची प्रयोगशाळा नसते. दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत ठरलेल्या मुदतीसाठी ठरलेलं काम करायचं. मुदत संपली की पुढची जागा शोधायची.

"म्हंजे हंगामी," मी म्हटलं.

"व्हय काका, हंगामीच. नुस्ता हंगाम जरा लांब हाय."

आम्ही दोघं हसलो. नीराबाई हसली नाही. ती सुकट निवडत होती, ती निवडत राहिली.

काम काय ते समजल्याशिवाय मला माणूस समजत नाही. म्हणून मी हेमालीला तिचं काम नीट विचारून घेतलं. लेप्टोच्या जंतूच्या अंगावर गळासारखा प्रथिनाचा एक आकडा असतो. त्यानं तो माणसाच्या शरीराला धरून बसतो. तो आकडा कसा वळलाय ते कळलं, तर त्यात अडकून बसेल असं औषध करायची वाट सापडू शकते. पण आकडा इतका बारीक, की सूक्ष्मदर्शकातही दिसत नाही. मग असे अगणित आकडे तयार करायचे, धुऊन स्वच्छ करायचे, थेंबभर पाण्यात ठेवायचे आणि त्यातलं पाणी हळूहळू कमी होऊ द्यायचं. जमलं तर ते सगळे एकमेकांना लागून ओळीत बसतात आणि खडा होतो. त्या खड्यातून क्ष-किरणांचा झोत सोडला की पलीकडे ठिपके उमटतात. ठिपक्यांवरून आकड्याचा आकार हिशेबानं काढता येतो. खडा झाला नाही, तर पुढचं काहीच नाही.

आणि खडा होत नाही. मोहरीच्या दाण्याहून लहान थेंब, प्रत्येकात वेगळं मिश्रण, वेगळा आंबटपणा, वेगळं मीठ. शीतखोलीत उभं राहून ते ठेवायचे, बंद करायचे, थांबायचं, मग एकेक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. कुठे पाणी नितळ, कुठे गढूळ. टाकून द्यायचं आणि पुन्हा आकडे तयार करण्यापासून सुरुवात. एकदा व्हिडिओवर बोलताना तिनं अंगठ्याला पट्टी बांधलेली दिसली. थेंब सोडायच्या नळीचं बटण दाबून दाबून सांधा सुजला होता. अंगठा बघितला आणि तिचं काम मला पटलं.

नीराबाईला यातलं काही नको होतं. तिला पोरगी हवी होती. फोन आला की तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि आपलं काम करत राहायची. मासळी साफ करायची, भाकऱ्या थापायची. समोर हेमाली तिचा चहा पीत बसलेली. कधी कधी कोणीच काही बोलत नसे. फोन चालूच. बोलणं सुरू करताना नीराबाईचा पहिला प्रश्न ठरलेला, "उजेड हाय का तिथं?" थंडीत तिथं सूर्य उशिरा येतो आणि लवकर जातो, हे एकदा ऐकल्यापासून तिच्या जिवाला तेवढं लागून राहिलं होतं. दर वर्षी ती हेमालीसाठी म्हणून जवळा वाळवायची. तो विमानातून पाठवायचा कसा, वास येतो, अडवतात. मग आळीत वाटून टाकायची. पुढच्या वर्षी पुन्हा वाळवायची.

जर्मनीतली मुदत संपत आली, तेव्हा मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत कायमची जागा निघाली. स्वतःची प्रयोगशाळा, आणि काम जंतूंच्या प्रथिनांवरच. हेमालीनं अर्ज केला आणि मला सांगितलं, आयला सांगू नका, झालं तर मीच सांगेन. मी सांगितलं नाही. पण हेमालीचा आवाज बदलला होता आणि तो नीराबाईला कळला. तिनं दोन वाक्यांत तिच्याकडून काढून घेतलं.

त्या दिवसापासून नीराबाईला मुंबई दिसायला लागली. आमच्या खाडीच्या तोंडाशी उभं राहिलं तर ती तशीही दिसते. एका सकाळी ती भागुबाईला घेऊन रेवसला गेली, लाँचमध्ये बसली, भाऊच्या धक्क्याला उतरली आणि त्याच लाँचनं परत आली. जन्मभर ती लाँच बघितलेली. पण लेकीला शनिवारी घरी यायला कसं पडेल, ते तिला स्वतः बसून बघायचं होतं. भागुबाई आमच्या शेजारची, मासळी विकते, जीभ तिच्या कोयत्यासारखी. आळीत येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पोरगी अजून जर्मनीत, आन् ही धक्क्याव उबी राहून तिची वाट बगतेय."

हेमालीजवळ सगळं होतं, खडा नव्हता. तो असता तर जागा तिचीच, असं तिलाही वाटत होतं. मुलाखत चार दिवसांवर आली असताना तिनं टाकून द्यायला काढलेली थेंबांची एक जुनी प्लेट शेवटची म्हणून बघितली. एका थेंबाच्या कडेला खडा होता. लांबट, तासलेल्या कडांचा, उजेडात रंग फेकणारा.

असा खडा दिसला की काय करायचं ते ठरलेलं असतं. सगळं तसंच, पण प्रथिन न घातलेला, असा रिकामा थेंब शेजारी ठेवायचा. त्यातही खडा आला तर तो प्रथिनाचा नव्हे. नाहीतर सुईनं टोचून बघायचं. प्रथिनाचा खडा मऊ असतो, चुरडतो. दुसरा कसलाही असला तर कट्कन मोडतो. पण खडा एकच होता, टोचायला तिचं मन होईना. आणि रिकामा थेंब ठेवून थांबायला मुलाखतीआधी वेळ नव्हता. क्ष-किरणांच्या यंत्रावर तिची पाळी मुलाखतीनंतरच्या आठवड्यात होती. तिच्या प्रमुख बाईंनी खडा बघितला, छान म्हणाल्या, आणि झोतात जाऊन येईपर्यंत कुठे बोलू नको असं सांगितलं. तिथल्या लोकांत ती बोलली नाही.

घरी मात्र फोन केला. मी ओट्यावर बसलो होतो. आतून हेमालीचा आवाज आला, लहानपणचा, बारीक आणि लांब जाणारा.

"आये, पिकलं!"

नीराबाईनं काय पिकलं ते विचारलंच नाही. हात धुतले, फळीवरचा नारळ घेतला. उघाडीचा दगड तिवरात गेलेला, म्हणून धुण्याच्या दगडावर फोडला आणि खोबरं आळीभर वाटलं. मग फोनवर आलेला फोटो मला दाखवला. माझं आयुष्य खडे बघण्यात गेलं. मी फोटो जवळ धरून बघितला, लांब धरून बघितला आणि सांगितलं, इतका नीट खडा मी बघितलेला नाही. माझं हे म्हणणं नीराबाईनं लगेच हेमालीला कळवलं.

मुलाखत फोनसारखीच, पडद्यावर झाली. आधी ठरवलं नसताना हेमालीनं खड्याचा फोटो समितीला दाखवला. समितीला आवडला. झोतात कधी जाणार, असं विचारलं. पुढच्या आठवड्यात, असं तिनं सांगितलं. बाईंनी बजावलं असताना तिनं असं का केलं ते मी पुढे तिला विचारलं. तिनं दिलेलं उत्तर मला अजून आठवतं.

"घरी नारल फुटला व्हता, काका. त्याच्यानंतर तो खडा मना खराच वाटाला लागला."

पुढच्या आठवड्यात खडा झोतात गेला. प्रथिनाचा असता तर पडद्यावर बारीक ठिपक्यांची दाटी झाली असती. ठिपके उमटले ते थोडे, ठळक आणि एकमेकांपासून लांब लांब. पहिल्याच चित्रात तिला कळलं. तिच्या थेंबात प्रथिनाला आधार म्हणून कॅल्शियम घातलेलं होतं आणि भोवतालच्या द्रावणात फॉस्फेट होतं. ते दोघं एकमेकांना भेटले आणि त्यांचा क्षार बसला. आकडे थेंबातच विरघळलेले राहिले होते.

त्या दुपारी फोन आला. भागुबाई नीराबाईजवळ बसली होती, मीही होतो.

"उजेड हाय का तिथं?" नीराबाईनं विचारलं.

"हाय."

"मंग तोंड असं का?"

हेमालीनं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "आये, ते मीठ निघालं."

"मीठ म्हंजे?"

"मीठच. खायचं न्हाय, दुसरं. पन मीठच."

 मी फोटो बघून दिलेला निकाल माझ्याच डोक्यात फिरत होता. भागुबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि फोनकडे वाकून म्हणाली, "मीठच कराचं व्हतं, तर हितं काय खाडी आटली व्हती?"

आधी हेमालीच हसली. मग आम्ही सगळे हसलो, नीराबाईसुद्धा. हसता हसता हेमालीचा चेहरा फोनवर थांबला, तोंड उघडं, डोळे मिटलेले, आणि फोन तुटला. पुन्हा लागला नाही. नीराबाई तो बंद फोन हातात धरून पुसत बसली.

मुंबईच्या समितीनं अजून निकाल दिला नव्हता. हेमालीबरोबर पीएचडी केलेला प्रणय म्हणून एक आहे. त्यानं तिला सांगितलं, निकाल लागेपर्यंत गप्प रहा, कोणी विचारणार नाही आणि रुजू होईपर्यंत खरा खडाही मिळेल. तिनं त्याच दिवशी समितीला लिहून कळवलं, की दाखवलेला खडा क्षाराचा निघाला आणि माझ्याकडे आज खडा नाही. जागा दुसऱ्याला मिळाली.

तिनं फार मोठं काही केलं असं मी म्हणणार नाही. कोपऱ्यात टाच घालायची असते, तिनं घातली. आणि मुलाखतीत फोटो दाखवला ते चुकलं, हेही मी सोडणार नाही. रिकाम्या थेंबाशिवाय खडा दाखवायचा नव्हता. तीही असंच म्हणते.

जर्मनीतल्या प्रमुख बाईंनी तिची मुदत वाढवून दिली. नवी मुदत सुरू व्हायच्या आधी ती घरी आली. थंडीचे दिवस होते, पूर्वी या दिवसांत आगरात पाणी घेतलेलं असायचं. नीराबाईनं तिला मुंबईविषयी एक शब्द विचारला नाही. ताटात वाढत राहिली. जवळ्याची चटणी, तांदळाची भाकरी, खाडीतले बोय. हेमाली खात राहिली. दोघी एकमेकींच्या हातांकडे बघायच्या, तोंडाकडे नाही.

परत जायच्या आदल्या दिवशी हेमाली म्हणाली, आगर बघायचंय. आम्ही तिघं बांधावरून गेलो. मला चालायला वेळ लागतो, दोघी माझ्या पावलानं चालल्या. बांध जिथं फुटलाय तिथं थांबावं लागतं. ओहोटी होती. तिवरांच्या बुडात उघाडीचा दगड अर्धा चिखलात रुतलेला दिसत होता. त्यावर एक बगळा उभा होता. जिथं वाफे होते तिथं आता आत शिरता येत नाही. हेमाली बराच वेळ बोटानं दाखवत राहिली, हा आपला वाफा, तो येसाजीचा, तिथं कोपरा. तिचं बरोबर होतं.

मग ती आईला म्हणाली, "आये, यापुढं खात्री झाल्याबिगर मी काय पन सांगनार न्हाय. उगा नारल फोडाला लावला तुला."

नीराबाई दगडाकडेच बघत होती. मला वाटलं, तिनं ऐकलं नाही.

"न्हाय सांगलंस तर मना काय राहील?" ती म्हणाली. "खडा खरा का खोटा त्ये तुझे साहेब बगतील. मना त्यातलं काय कलत न्हाय. तुझी हाळी कलते. त्या दिवशी फोनमधी ऐकली ना, तवा वाटलं का पोर बांधाव हाय, आत्ता घरी येल."

 हेमालीनं चपला काढल्या आणि बांधाच्या कडेच्या ओल्या मातीत उभी राहिली. मग म्हणाली, "आन् परत मीठ निघालं तर?"

"निघूंदे. नारल तर आपुन खाल्ला ना. तो काय परत द्याचाय?"

"तिथं मात्र मना गपच राहावं लागंल."

"तिथं रहा गप."

दुसऱ्या दिवशी ती रेवसहून गेली, त्याच लाँचनं. नीराबाईनं जी लाँच लेकीच्या येण्यासाठी बसून बघितली होती, ती लेकीला घेऊन निघाली. धक्क्यावर नीराबाई हात हलवत उभी राहिली नाही. लाँच सुटल्यावर तिनं तिकीटवाल्याला विचारलं, शनिवारी संध्याकाळी शेवटची कधी येते. त्यानं सांगितलं. तिनं मान हलवली आणि आम्ही परत आलो.

पुढचं वर्ष तसंच गेलं. फोन डब्याला टेकलेला, समोर हेमाली. थेंब नितळ, थेंब गढूळ. अंगठ्याची पट्टी कधी आहे, कधी नाही. मुंबईच्या जागेचं नाव कोणी काढत नसे. अशा जागा रोज निघत नाहीत. नीराबाईनं जवळा वाळवला आणि वाटला.

परवा दुपारी ती अंगणात मासळी साफ करत होती. हात भरलेले, म्हणून फोन मी उचलला. आधी एक फोटो आला, त्यावर शब्द एकही नाही. थेंबात काहीतरी होतं. मागच्यासारखं देखणं नाही, रंग नाही, जाडसर आणि लहान. या वेळी मी काही बोललो नाही. मग हेमालीचा फोन आला. तोंड फोनच्या अगदी जवळ, मागे माणसांची ये-जा.

मी विचारलं, "रिकामा थेंब ठेवलास?"

"ठेवलाय काका, बाजूलाच. नितळ हाय, त्यात काय न्हाय." ती इतक्या हळू बोलत होती की मला फोन कानाला लावावा लागला. "झोतात जायचाय अजून. आयला द्या."

मी फोन नीराबाईच्या तोंडासमोर धरला.

"उजेड हाय का तिथं?"

"न्हाय आये, अजून न्हाय."

मग ती आणखी काही बोलली. नीराबाईला ऐकू गेलं नाही. "मोट्यानं बोल," ती म्हणाली. हेमालीनं नाही म्हणून मान हलवली. मागे माणसं होती. तिनं पुन्हा नुसते ओठ हलवले.

नीराबाईनं तेवढं बघितलं. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि नारळ घेऊन बांधाकडे चालायला लागली. मी मागून हाक मारली नाही, माझ्यानं तिच्या पावलानं चालवलं नसतं. फोन हातात तसाच चालू होता. हेमाली विचारत होती, आय कुठं गेली. मी म्हटलं, थांब जरा.

ओहोटी असावी. वारा खाडीकडून घराकडे होता. बांध आमच्या अंगणातून दिसतो, त्यावर नीराबाई लहान लहान होत गेली आणि जिथं तो फुटलाय तिथं थांबली. त्या दगडापर्यंत तिला उतरता आलं की नाही ते मला दिसलं नाही. भागुबाई दारात येऊन उभी राहिली होती.

नीराबाईचा आवाज मुळात मोठा नाही. पण तिनं तो सगळा लावला.

"पिकलं!"

तिवरातले बगळे उठले. मी फोन जमेल तेवढ्या उंच, बांधाच्या दिशेनं धरला होता. खाली घेतला तेव्हा हेमाली तोंडावर हात धरून बसली होती.

"आलं का ऐकू?" मी विचारलं.

तिनं मान डोलावली. तिच्या मागे कोणीतरी दिवे बंद केले आणि खिडकीतून थोडा राखाडी उजेड आत आलेला दिसला. आय आली की तिला सांगा, उजेड आला, म्हणाली.